खाऱ्या टाकीत नदीचे मासे

१२ ऑक्टोबर, रविवार

नाही टाकू दिले. आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. वाटतंय का? थोडं.

सासरे आज दाभोशाहून जीपनं आले. मागे मी त्यांना डबाभर लाडू दिले होते. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून त्यांनी त्यात नदीचं पाणी भरून तीन जिवंत मासे आणले. थेट माझ्या काचेच्या टाकीपाशी गेले. "पाच आठवडे नुसते दगड नि पाणी बघत बसलीस, पोरी. घे, भर आता."

मी टाकीच्या झाकणावर हात ठेवला. "बाबा, हे समुद्रासारखं खारं पाणी आहे. नदीचा मासा यात मरेल."

नवरा म्हणाला, "टाक गं, त्यांचं मन कशाला मोडतेस?" म्हणजे मासे मेले तरी चालतील!

सासऱ्यांनी बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं. "जव्हारच्या डोंगरात समुद्र? कशाला?"

"मला हवाय म्हणून."

माझ्यासोबत शाळेत काम करणाऱ्या बायाही रिकामी टाकी म्हणून हसतात. हसू देत. घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढून पाणी माशांजोगं झाल्याशिवाय एकही मासा येणार नाही. मग दोन क्लाउनफिश, एक गोबी, सगळे समुद्रातले छोटे मासे. एकमेकांना न छळणारे. बस.

"मग यांचं कालवण तरी कर," सासरे पुटपुटले.

"जिवंत आणलेत, जिवंत न्या. नदीत सोडा."

गेले घेऊन, गाल फुगवून. पण डबा मीही रिकामा पाठवला नाही; त्यांचेच मासे होते की त्यात.