श्राद्धाच्या दिवशीची चटई

तीर्थरूप सासूबाईंना,
मैलापूरहून विद्यालक्ष्मीचा नमस्कार.

मामंजींच्या श्राद्धाला तुम्ही तंजावरहून आलात, त्याच सकाळी माझ्या लेकीला, कीर्तनाला, पाळी आली. तुमच्या नातीनं ते तुमच्यासमोरच सांगितलं, कारण यात लपवण्यासारखं काही नसतं हे शाळेत मीच तिच्या वर्गाला शिकवलंय. तुम्ही म्हणालात, "तिला बाहेर बसव." मी मुकाट्यानं बाल्कनीत चटई टाकली, वेगळं ताट ठेवलं.

आता न सांगितलेलं सांगते. त्या दिवशी माझाही दुसरा दिवस होता. तशीच सोवळं नेसून मी वडे तळले, खीर केली, पिंडांचा भात शिजवला. भटजी तृप्त होऊन गेले. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणालात, "असा स्वयंपाक या घरात पुष्कळ वर्षांत झाला नव्हता."

कीर्तनाला ठाऊक होतं. सकाळी तिला पॅड दिलं ते माझ्याच उघड्या पाकिटातून. वाढायला गेले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "अम्मा, मग तू आत कशी?" मी ओठांवर बोट ठेवलं.

काल वर्गात मी विचारलं, "पाळीत मुलीनं वेगळं बसावं का?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "नाही, मिस." कीर्तना गप्प होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

हे पत्र टाकायचा धीर मला होणार नाही, हेही तिला ठाऊक असेल.

तुमची अजूनही आज्ञाधारक,
विद्यालक्ष्मी