मावेल तेवढा धबधबा

वरसे, रोहा
२८ सप्टेंबर २०१८

ती. ताईस कमळाकरचा शि. सा. न. वि. वि.

विसर्जन झाले, तेव्हा हमरापूरचे मूर्तींचे कारखाने आता थंडावले असतील. तुला व भावोजींना देवकुंडचा धबधबा पाहावयाचा आहे, असे सौ. विमलकडून कळले. मला थेट का विचारले नाहीस, हे कळले नाही. असो. माहिती देतो.

घरून पहाटे साडेपाचला निघावे. भावोजी वडखळला वडे खाण्यास उतरतील. उतरू देऊ नये. कोलाडला डावीकडे वळावे. सुतारवाडीचा तलाव परतताना पाहावा, जाताना नव्हे. तेथे पाऊण तास सहज जातो. भिरा गावापासून पुढे अडीच तासांची चाल आहे व वाटेत ओढे आहेत. गावातला वाटाड्या घ्यावाच. पिठले-भाकरी जातानाच सांगून ठेवावी. पायांत बूट असावेत, चप्पल नको. रविवार टाळावा. कुंडात उतरू नये. पाणी शांत दिसते, पण तळ लागत नाही.

मुख्य सूचना ही, की हे सर्व डिसेंबरात करावे. सध्या ओढे भरलेले आहेत. तोवर पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावे, उन्हेऱ्याच्या गरम कुंडांत पाय शेकावेत. तुमच्या वयाला तेच शोभते.

लोभ आहेच, तो माझ्या सूचनांवरही असू द्यावा.

तुझा
कमळाकर


हमरापूर, पेण
२ ऑक्टोबर २०१८

चि. कमळाकर यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून हे म्हणाले, मेव्हणा सहलीला पाठवतोय का बदलीवर? वडखळचे वडे आपण सोडणार नाही, असे मुद्दाम कळवायला सांगितले आहे.

विमलला विचारले, कारण तू आधी नाही म्हणतोस आणि मग कारण शोधतोस. फोनही म्हणूनच करत नाही. पत्रातला तू निदान घडी घालून ठेवता येतोस.

पालीचा गणपती म्हणतोस. अरे, जानेवारीपासून हजारभर गणपतींचे डोळे आखले. आता थोडे दिवस त्याला माझी आणि मला त्याची सुट्टी हवी.

लग्न होऊन आल्यापासून चाळीस पावसाळे शेडमध्ये गेले. डोंगरांवरून पाणी कोसळायचे तेव्हा माझ्या हातात कुंचला असायचा. डिसेंबरात म्हणे नुसती धार उरते. मला धार नको. यंदाच जायचे आणि याच महिन्यात.

बाकी ठीक. यंदा माझ्या हातून रंगाच्या तीन वाट्या लवंडल्या, तिन्ही डावीकडच्या. परवा दाराच्या चौकटीने खांदा सुजवला. हल्ली हे माझ्या डावीकडून चालतात. म्हातारपणी बायकोचा हात धरायची हौस, दुसरे काय.

विमलला आणि तुला, दोघांना सारखाच आशीर्वाद, वाटून घ्या.

तुझी
ताई


वरसे, रोहा
५ ऑक्टोबर २०१८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. वाट्या तिन्ही डाव्या. खांदाही बहुधा डावाच असावा. शिवाय तुझ्या ओळी कागदाच्या डाव्या कडेपासून चार बोटे सोडून सुरू होतात. पूर्वी तू समाससुद्धा सोडत नसायचीस.

तू डॉक्टरांकडे जाऊन आली आहेस, हे मी धरून चालतो. ते काय म्हणाले, ते शब्दशः लिही. पत्र आल्यापासून मी घरात येरझाऱ्या घालतो आहे. विमल म्हणते, लादी झिजेल. फोन करत नाही, कारण ‘हाय बरी’ म्हणून तू ठेवून देशील.

उलटटपाली उत्तर देणे, हाच लोभ समजेन.

तुझा
कमळाकर


हमरापूर, पेण
९ ऑक्टोबर २०१८

चि. कमळाकर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही. थेंब घालत राहिले तर उरलेली टिकेल, पण किती दिवस, ते आज सांगता येत नाही. समोरचे स्वच्छ दिसते, बाजूचे नाही, डावीकडचे तर मुळीच नाही. नळीतून पाहावे तसे. म्हणून गणपतीचे डोळे यंदाही चुकले नाहीत. वाट्या तेवढ्या चुकल्या.

तुला कळवले नाही, कारण तू मला खुर्चीत बसवले असतेस. शेजारची धोंडुबाई विचारत होती, काय गो, पाण्यात बघायचंय तरी काय. मी म्हटले, पाणीच. तो धबधबा मला एकदा अख्खा पाहायचा आहे, तुकड्यातुकड्याने नव्हे. नेणार असशील तर ने. नाहीतर आम्ही दोघे आपले जाऊ.

रागावू नकोस. रागावलास तर पत्रात रागाव.

तुझी
ताई


वरसे, रोहा
१६ ऑक्टोबर २०१८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल रजा काढून एकटाच देवकुंडला जाऊन आलो. एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. गेली चार वर्षे मी पाहुण्यांना ही माहिती देत आलो, पण स्वतः कधी गेलो नव्हतो. सारे ऐकीव होते. आता पाहून लिहितो.

दुसऱ्या ओढ्याला पाणी गुडघ्याखाली आहे. बाबाजी नावाचे वाटाडे तेथे दोर बांधणार आहेत. पुढे डाव्या हाताला उतार आहे. तेवढ्या वाटेत तुझ्या डावीकडून मी चालेन, भावोजींनी मागून यावे.

लोक धबधब्याच्या अगदी जवळ जातात. तू जाऊ नयेस. तेथून तुला पाण्याची नुसती पट्टी दिसेल. मी तुझ्या शेवटच्या पत्राची बोटाएवढी नळी केली, एक डोळा मिटला आणि मागे मागे सरकत गेलो. तुझी नजर याहून बरी असावी, पण हिशेब कमीचा धरलेला बरा. लोक हसत होते. ही दुर्बीण हाय का काय, असे बाबाजींनी विचारले. अखेर एका आडव्या काळ्या खडकावरून कड्यापासून कुंडापर्यंत सगळा धबधबा नळीत मावला. तेथे दगडावर दगड रचून खूण केली आहे.

मंगळवार, दि. २३. वडखळला वड्यांसाठी वीस मिनिटे धरली आहेत.

थेंब बरोबर घ्यावेत. लोभ तसाच ठेवावा.

तुझा
कमळाकर


हमरापूर, पेण
२५ ऑक्टोबर २०१८

चि. कमळाकर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाय अजून बोलत आहेत. वड्यांना वीस मिनिटे पुरली नाहीत, ही यांची लेखी तक्रार.

खडकावर तू माझे खांदे धरून मला सरळ उभे केलेस आणि बाजूला झालास. अख्खा मावला रे. वर थोडे आभाळसुद्धा उरले. मी किती वेळ उभी होते, ते तुझ्या घड्याळाला ठाऊक.

परतताना हे म्हणाले, तेवढ्या वेळात तू पाण्याकडे एकदाही पाहिले नाहीस. माझ्या डाव्या हाताला उभा राहून माझ्याकडेच पाहत होतास. मला कसे कळावे? तेथले मला काही दिसत नाही.

दिवाळीत भाऊबीजेला येशील तेव्हा समोर उभा राहा. तू मावतोस का, ते पाहू.

तुझी
ताई