सहावी जोडी

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी सकाळी फिरायला जातात की अजून पांघरूण सोडवत नाही? इकडे सगळं ठीक, असं लिहून पुढे जायची मला सवय आहे, म्हणून तेच लिहिते.

बातमी एवढीच, की अखेर स्पीकर ठरले. दोन वर्षं आणि सहा जोड्या. आमचं लग्न दोन भेटींत ठरलं होतं.

हे जन्मभर नकाशे काढणारे. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा पुढची खोली मोजायला घेतली. स्पीकर भिंतीपासून किती लांब, दोघांत अंतर किती, खुर्चीपासून दोन्ही सारखेच का. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत, झाडताना मी त्यांना वळसा घालते. काचेवरून आवाज उलटतो म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागले. घड्याळ टिकटिकतं म्हणून माळ्यावर गेलं. ऐकताना पंखा बंद, फ्रिजही बंद. दूध दोनदा नासलं.

दुकानदार भला माणूस, एकेक जोडी घरी लावून बघायला द्यायचा. माझ्या खांद्याएवढे उंच, दोघांनी उचलायचे. दुपारी चार वाजले की आम्ही आपापल्या खुर्चीत. मधली, बरोब्बर मोजून ठेवलेली खुर्ची हे मला देतात. म्हणतात, तुझे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. गाण्याची तबकडी संपली की विचारतात, काय वाटलं? मी त्यांचा चेहरा बघून सांगते. चेहरा हलका असेल तर आवाज मोकळा आहे, आठी असेल तर जरा कोंदट आहे. अजून एकदाही चुकले नाही.

हे वाईट नाहीत गं. कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, हिला सुख टोचतंय. ऐकून झालं की चहा हेच करतात. आवाज कधी चढवत नाहीत. फक्त अगदी सुरुवातीला, तबकडी चालू असताना दाराची बेल वाजली म्हणून मी उठले, तर तीन दिवस बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताट स्वच्छ करायचे, उठायचे. त्यानंतर मी मधे उठले नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. तीन कागद फाडून झालेत.

फेब्रुवारीत मी तुला सांगितलं, बाजारात गेले होते, फोन घरी राहिला. ते खोटं होतं. मी घरातच होते. तिसरी जोडी आली होती. फोन समोरच्या फळीवर होता, आवाज बंद करून ठेवलेला. त्यावर उजेड आला, तुझं नाव दिसलं. विझला, परत आला. असा चार वेळा. आई तुझ्याकडे अंथरुणाला खिळलेली. भरदुपारी तू उगाच चारदा फोन करणार नाहीस, एवढं मला कळत होतं. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. तबकडीची ती बाजू संपायला अठरा मिनिटं लागली. मग फोन केला, तर तू म्हणालीस, आई मघापासून तुझंच नाव घेत होती, आता शुद्ध हरपली. ती परत आलीच नाही.

तुझा अबोला मला मान्य आहे. पण तो मी फोन घरी विसरले म्हणून आहे. खरं कारण तुला माहीतच नव्हतं.

परवा सहावी जोडी लागली. यांनी डोळे मिटले, गालावरून पाणी ओघळलं. हीच ती, मला कळलं. आणि काय झालं कोण जाणे, मी उठले आणि सुई उचलली. यांनी डोळे उघडले. मी सगळं सांगून टाकलं.

मग म्हणाले, "मग तू उठली का नाहीस? मी अडवलं असतं का तुला?"

मी त्या तीन दिवसांची आठवण करून दिली. त्यांना ते आठवेनात. सोंग नव्हतं ते. खोटं बोलताना यांचे कान लाल होतात, तसे झाले नाहीत. "असं कधी झालं?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला कळवलं, जोडी इथेच राहू द्या. चार वाजता यांनी माझी खुर्ची फडक्यानं पुसली. आणि ताई, मी बसले.

यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलं नाही, तुला देते. एका बाजूला आईची हाक होती आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचा तीन दिवसांचा अबोला. मला अबोला जड वाटला. एवढंच. कुणी धरून ठेवलं नव्हतं.

क्षमा मागत नाही. तू लगेच देशील, आणि मी परत निमूट बसेन. रागाव. वाट्टेल ते लिही. आणि वाटलंच, तर चार दिवस राहायला ये असं लिही. मला स्वतःहून निघायला जमत नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

तू समजत होतीस ती नव्हे, तरी तुझीच,
बारकी