पेंगच्या आईचं घर

३ ऑक्टोबर, सकाळ
ठरलं. तालुक्याच्या इतिहास-दालनात यंदा माझंच चित्र लागणार. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पाठवतोय आणि दरवर्षी साभार परत! निवड समितीला डोळेच नाहीत. यंदा विषय जबरदस्त : पेंग तिए-शानचं पणजोबांच्या काळातलं लाल विटांचं घर. मुदत ३१ तारीख. भरपूर वेळ आहे.

४ ऑक्टोबर
घर बघून आलो. शिसारी आली. एवढं देखणं घर आणि डोक्यावर निळा पत्रा! वर स्टीलची टाकी, दारात विजेचा खांब, भिंतीला एसी लोंबतोय. आपल्या लोकांना इतिहास कशाशी खातात तेच कळत नाही. यातलं काहीही रंगवणार नाही. कलावंताला तेवढा अधिकार असतो.
पेंग अंगणात पर्सिमनची केशरी फळं सोलून सुपात वाळत घालत होता. त्याला म्हटलं, आई गेली तुझी, पण या चित्रात ती कायमची राहील. त्याचे डोळे भरले. वाक्य इतकं छान जमलं की माझेही भरले.

९ ऑक्टोबर
वारा. वैताग. ब्रश चहात बुडवला, तोही पेंगच्या चहात.
पेंगची बायको मागे येऊन म्हणाली, मास्तर, टाकी राहिली की. म्हटलं, वहिनी, टाकी चित्रात शोभत नाही. तर म्हणते, मग सासूबाईंनी पाणी कुठून भरायचं? गावंढळ विनोद. हसलो नाही.

१२ ऑक्टोबर
झालं! मास्टरपीस! चित्रातल्या दारावरची पाटी रिकामी दिसत होती, तिथेच ठसठशीत सही ठोकली. समितीला आता तरी दिसेल. रंग ओला, म्हणून पेंगच्या अंगणात फळांच्या सुपावर ठेवून आलो. माझी बायको म्हणाली, घरी आणा. तिला वॉटरकलरमधलं काय कळतं!

१३ ऑक्टोबर
जाळलं. माझं चित्र जाळलं!! आज त्याची आई गेल्याचा शंभरावा दिवस. तिच्यासाठी दुकानातलं कागदी घर जाळायचं, म्हणजे ते वर तिला राहायला मिळतं म्हणे, त्याऐवजी माझं! बाजारच्या घरापेक्षा मास्तरांच्या हातचं घर आईला पोचवलं, म्हणून पेंग कमरेत वाकून माझेच आभार मानत होता. तुम्हीच म्हणाला होतात ना, ती यात कायमची राहील? वर उकडलेली कोंबडी हातात दिली. कोंबडी घेऊन आलो.
बायको म्हणाली, चला, कुणीतरी तुमचं चित्र परत नाही पाठवलं. या बाईला काळीज नाही.

१५ ऑक्टोबर
पुन्हा काढणार. आठवणीतून. पहिल्यापेक्षा भव्य. उद्यापासून.

२१ ऑक्टोबर
कागद दमट. उद्यापासून.

२५ ऑक्टोबर
पेंग आला. तोंड एवढंसं. आई स्वप्नात येते म्हणे, अंगणातच उभी असते. आत जा म्हटलं तर म्हणते, दारावर फान मास्तरांचं नाव आहे, परक्याच्या घरात कशी शिरू? त्याने देवळात कौल लावला. तिन्ही वेळा एकच उत्तर. घर तुमच्या नावावर झालंय, मास्तर. आईला दुसरं काढून द्या. सही नको, तिचं नाव घाला. आणि पत्रा, टाकी, खांब, एसी, सगळं हवं.
हाकलून देणार होतो. पण तो रडायलाच लागला.

३० ऑक्टोबर
दिलं काढून. तो निळा रंग तोंड फिरवून कालवला. वहिनी म्हणाल्या, आत्ता कुठे घर घरासारखं दिसतंय! आयुष्यात माझ्या चित्राला पहिल्यांदा गर्दी जमली. तेही जाळलं. कौल लागला. आई आत गेली.
दालनाची मुदत उद्या. पाठवायला काही नाही.

३१ ऑक्टोबर
जेवताना बायको म्हणाली, एक बरं झालं, वर तुमचं घर आयतं बांधून तयार आहे. पाणी नाही, वीज नाही, एवढंच. म्हटलं, मी असल्या खुळचट गोष्टी मानत नाही. ताट सारून उठलो.

दुपार
कडी लावून घेतली. स्टीलची टाकी काढली. लहानशीच. चमक फार छान उतरलीय. त्यावर मोठी सही केली, चुकून दुसऱ्या कुणाकडे जायला नको. आता खांब.