बेडूकशेठच्या कारखान्यात खुर्ची नाही

ती. मामांस साष्टांग नमस्कार. (आडवा पडूनच लिहितो आहे, त्यामुळे नमस्कार आपोआप घडला.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला थांबला का? तुमच्या नातीचा तो हलणारा दात पडला, की अजून येईल त्याला हलवून दाखवते आहे? माझं म्हणाल तर नोकरी गेल्यात जमा आहे, आणि तीही एका बेडकापायी.

त्याचं असं झालं. आमच्या प्रकाशनाच्या मालकांनी मला राणीच्या काळातलं एक विलायती बालपुस्तक आपल्या भाषेत आणायला दिलं. सोनेरी कडा, मुखपृष्ठावर कोट घातलेला बेडूक. मालक म्हणाले, जुनी माणसं फार सात्त्विक लिहायची, मुलांवर संस्कार होतील. मी वाचायला बसलो आणि मला घाम फुटला. बेडूकशेठचा बटणांचा कारखाना आणि त्यात राबणारे उंदीर. बसलं की झोप येते म्हणून शेठने त्यांच्या खुर्च्या काढून घेतलेल्या. एक उंदीर उपाशीपोटी उभ्या उभ्या मरतो, तर शेठ भाषण करतो की आपण सगळे एक कुटुंब आहोत, तेव्हा गेलेल्याचं काम उरलेल्यांनी वाटून घ्यावं. शेठाणी चहाच्या कपातून दारू पिते. बगळा धर्मोपदेशक आहे, तो मासे खाऊन येतो आणि उंदरांना उपासाचं महत्त्व सांगतो. आणि हे सगळं गोड गोड यमकात. मोठ्यांना तोंडावर बोलायची सोय नसणार, म्हणून लेखकाने ते पोरांच्या पुस्तकात दडवलं. मोठी माणसं पोरांची पुस्तकं वाचत नाहीत, म्हणून ते तिथे सुखरूप राहिलं.

आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक बालपुस्तक शनिवारी मालकांच्या नातीला वाचून दाखवायचं, सगळ्या नोकरांसमोर. तिला आवडलं तरच छपाई. (आम्ही उभे असतो. खुर्च्या मालकांनी गेल्या वर्षी काढल्या. बसलं की झोप येते म्हणून.) मी खुर्च्यांपर्यंत पोचलो आणि पोरगी आनंदाने म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही." बाइंडिंगच्या बाईंना हसू आवरलं नाही. मालकांची खात्रीच पटली की हे मी पदरचं घातलं. मूळ पुस्तक दाखवलं तर म्हणाले, "तो माणूस मरून शंभर वर्षं झाली. त्याला माझ्या खुर्च्या कशा ठाऊक?"

हुकूम झाला, प्राणी बदला. मी बेडकाचा हत्ती केला. मालक खूश. नात म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही जाड झालात." मग मी भोपळा केला. ती म्हणाली, "आजोबांना हातपाय का नाहीत?" शेवटी दारू काढली, भूक काढली, मरण काढलं, बगळा काढला. उरलं काय, तर एक तळं होतं आणि त्यात पाणी होतं. नात मालकांच्या मांडीवर गाढ झोपली.

आता शेवटची संधी म्हणून शेठला दयाळू करून आणायला सांगितलं आहे, नाहीतर येऊ नका म्हणाले. केला दयाळू. त्याने पहिल्याच पानावर सगळ्यांना खुर्च्या दिल्या. उंदीर बसले. गोष्ट संपली. मला खरंच रडू आलं, मामा. इतकी वर्षं शब्दांवर पोट भरलं आणि आता डोक्यातून एक ओळ निघत नाही. बायको माझ्याशी बोलत नाही, आणि बोलते तेव्हा बेडकाचं काय झालं एवढंच विचारते.

तुमचा खचलेला भाचा

ता. क. बेडकाचं जाऊ द्या. तुमच्या कापडाच्या दुकानात एक माणूस हवा आहे, असं मामी म्हणत होती. मी येऊ का? गिऱ्हाइकाशी गोड बोलेन, लागलं तर यमकात.

आणखी ता. क. दुकानात गल्ल्याजवळ तुमची गादी आहे ती माहीत आहे. बाकीच्यांना बसायला स्टूल आहे ना? लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा पाहिल्याचं आठवत नाही. तुमचे नोकर नेहमी खांबाला टेकलेलेच आठवतात.

शेवटचं. तुमच्या सवयीप्रमाणे हे पत्र जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवाल. तेवढी कृपा करा, नातीला आधी बाहेर खेळायला पाठवा.