चुन्याचे सदुसष्ट थर

कारंजा लाड, ३ जानेवारी २०२५

चि. धम्मदीपास भागिरथाआत्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुझं अर्धं बोलणं माझ्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून पत्र. तू आणि तुझ्या कॉलेजची मुलं येऊन आपली गल्ली जुना वारसा म्हणून नोंदवायला मदत करणार, हे सगळ्यांना सांगितलं. नोंद झाली तर रस्ता रुंद करताना घरं पाडणार नाहीत, हेही. त्यावर शेजारचे ग्यानबाभाऊ म्हणाले, पाव्हने येऊन राह्यले तं गल्ली अशी कायले दाखवाची? मग काय! चार दिवसांत पंचवीस घरं आणि विहार ऑइलपेंटनं निळेशार केले. तू ओळखणार नाहीस.

आईला जयभीम सांग. जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या

अमरावती, ८ जानेवारी

ती. आत्यास सादर जयभीम.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. अगं, गल्ली जुनी आहे हे दाखवायला येतोय, आणि तुम्ही ती नवीकोरी करून ठेवलीत! आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणतात, जुनेपण सिद्ध झालं नाही तर सुनावणी हातची गेली. रागावले नाही, घाबरले आहे. कृपा करून ग्यानबाकाकांच्या हातातला ब्रश काढून घे.

एकोणीसच्या रविवारी आम्ही अकरा जण येतो. भाकरी-ठेचा कर. रडायचं झालंच तर भरल्या पोटी रडू.

माया असू दे.

तुझी धम्मदीपा

कारंजा लाड, २० फेब्रुवारी

चि. धम्मदीपास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

सुटलो गं बाई! परवा नोंद मंजूर झाली. तू परीक्षेत अडकलीस, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या रविवारी विहाराचा कोपरा खरवडून पेंटखाली चुन्याचे सदुसष्ट थर मोजलेस, तेव्हा वाटलं, पोरीला वेड लागलं. विहार सत्तावन्न साली बांधला तेव्हापासून दर दसऱ्याला चुना मारतोच की, त्यात काय मोठं! पण सुनावणीत साहेबांनी तुमचा कागद बघून नेमकं विचारलं, की मग अडुसष्ट हवेत, एक कमी कसा? तुझ्या मॅडम कागद चाळायला लागल्या. तेवढ्यात ग्यानबाभाऊ मागून उठले. म्हणाले, साहेब, बहात्तरच्या दुष्काळात प्याले पानी नोहतं, चुना कायच्यात कालवता? साहेबांनी चष्मा काढला, त्यांना पुढे बोलावून खुर्ची दिली. मग सहीच केली.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. पाडायची नोटीस आल्यापासून मी भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. एका तव्यावर आणि दोन गंजांवर दिवस काढले. काल सगळी काढून घासली आणि उन्हात वाळत घालायला बाहेर आले, तर गल्लीभर दारोदार भांडीच भांडी.

तुझ्या मित्रमैत्रिणींना सांग, हे घर त्यांचंही आहे. जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी आत्या भागिरथा