टेक्सासातला गोग्रास

१२ ऑक्टोबर १९८४, शुक्रवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

पलंगाच्या कडेला बसून लिहितो आहे. मागे टेकायची भीती वाटते, चादर इतकी पांढरी! टेक्सासात हे आफ्रिकन सफारीचं लॉज. वर गवताचं छप्पर, आत एअरकंडिशन, टबाला सिंहाचे पाय. खिडकीतून झेब्रे दिसतात. खरे!

भाऊजींचे साहेब, डॉ. हॉलिस, यांनी बोलावलं. भाऊजींचं नाव चंद्रशेखर, साहेब म्हणतात 'चँड्रा'. भाऊजींनी मला विमानातच बजावलं, "गप्प बसायचं, हसायचं, आणि मला काही विचारायचं नाही." भाऊजींना साहेबांच्या दवाखान्यात पार्टनर व्हायचं असणार. माझा व्हिसा नोव्हेंबरात संपतो. त्यावर ते बोलत नाहीत.

घरून निघताना उत्तराताईने पोळ्या आणि दाण्याची चटणी बांधून दिली. "तिथे गाय दिसली तर आधी तिला घास दे रे. इथे नेपरव्हिलला कुठली मेली गाय!" भाऊजी म्हणाले, "हो, आणि सिंहाला पुरणपोळी."

१३ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी.

गाय मिळाली! म्हणजे ईलँड — आफ्रिकेतलं हरीण. स्पेलिंग रे नावाच्या इथल्या गाइडकडून लिहून घेतलं. पण गाईएवढी, गळ्याखाली तशीच लोंबती कातडी. कुंपणाशी आली. पहिली पोळी तिला दिली. हात चाटला! रे हसून म्हणाला, "फीड हर, फीड हर."

शनिवारीच, संध्याकाळी.

दुपारी दुसरी पोळी दिली. आता मला बघितलं की चालत येते.

जेवणघरात भिंतीभर मुंडकी आहेत. मी मातीची समजत होतो. इथे प्राणी बघायला येत नाहीत — मारायला येतात! पैसे भरून! डॉ. हॉलिसनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. "टुमॉरो, चँड्रा, इट्स युवर टर्न." रे म्हणाला, नवशिक्यासाठी ती ईलँड बरी, माणसाला घाबरत नाही. म्हणत होता माझ्याकडे बघून. भाऊजी हसले.

खोलीत आल्यावर म्हटलं, "भाऊजी, तुम्ही अंडंसुद्धा खात नाही!"

"खायचंय कुणाला," ते म्हणाले, आणि दिवा घालवला.

ठरवलं. उद्या खोलीबाहेर पडायचं नाही. मी दिसलो नाही तर ती कुंपणाशी येणार नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार.

खोलीतच होतो. भाऊजी आले. "पोळ्यांचा डबा कुठाय?" वाटलं, भूक लागली. दिला. त्यांनी एक पोळी काढली, घडी करून खिशात घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

कळायला वेळ लागला. मग धावलो, अनवाणी. पोचायच्या आधीच आवाज. एकच.

पोळी कुंपणाच्या खांबावर ठेवली होती. अर्धी तिथेच उरलेली. ती खाली आडवी, अर्धी तिच्या तोंडात. "ब्यूटिफुल शॉट!" डॉ. हॉलिस ओरडत होते. भाऊजी जीपच्या मागे ओकत होते.

 

१५ ऑक्टोबर, सोमवार.

विमानात भाऊजींनी पेपर तोंडासमोर धरला. मी खिडकीकडे तोंड केलं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार. नेपरव्हिल.

ताईने वाढता वाढता विचारलं, "घास दिलास ना रे?" "दिला," म्हटलं. भाऊजी ताटावरून उठले, गराजमध्ये गेले. मीही गेलो. टोचायलाच विचारलं, "झालात का पार्टनर?"

"ते मी मागितलंच नाही," ते म्हणाले. "तुझे इथे राहायचे कागद मागितले. हॉलिस दवाखान्यातर्फे करतोय. सोमवारी वकिलाकडे जायचंय. शर्ट इस्त्री करून ठेव."

हिशेब:
विमान, माझं — १९८ डॉलर. भाऊजींनी दिले.
ईलँड — ९०० डॉलर. भाऊजींनी दिले.
मुंडकं भरून घेणे — ३५० डॉलर. भाऊजींकडे बाकी.
वकील — १,५०० डॉलर. भाऊजींकडे बाकी.
मी — दोन पोळ्या.